नेट फुल्ल स्पीडचं, तरी कॉलवर ‘आवाज येतोय का?’ : मावळातल्या घरोघरीच्या वाय-फायचं दुखणं नेमकं कुठं?

लोणावळा : ‘हॅलो… आवाज येतोय का? तुमचा आवाज कट होतोय… थांबा, मी बाहेर येऊन बोलतो.’ लोणावळा शहरात आणि मावळातल्या गावांत शनिवार-रविवारी सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य बहुतेक हेच असावं. बाहेर येऊन तरी काय, बाहेर पाऊस आणि धुकं. आणि मोबाईलची रेंज डोंगराच्या पलीकडं.

गंमत म्हणजे हे वाक्य बोलणाऱ्या बऱ्याच घरांत आता फायबर आहे. शंभर, दोनशे एमबीपीएसचा प्लॅन आहे. टीव्हीवर सिनेमा अडखळत नाही, पोरांचे रील सपासप फिरतात. पण व्हॉट्सअॅपवर किंवा वाय-फाय कॉलिंगवर कुणाशी दोन मिनिटं बोलायला घेतलं की आवाज फाटतो, समोरच्याचं वाक्य अर्धंच येतं, दोघं एकाच वेळी बोलतात, दोघं एकाच वेळी थांबतात. मग तक्रार होते, कंपनीचा माणूस येतो, मोबाईलवर स्पीड टेस्ट दाखवतो, ‘साहेब, स्पीड तर पूर्ण येतोय’ म्हणतो आणि जातो. तोही खोटं बोलत नाही आणि तुम्हीही नाही. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजताय, एवढंच.

हा विषय किरकोळ वाटेल. पण मावळात कोण कोण या कॉलवर जगतं ते पाहा. पवना धरणाच्या काठावर तंबू लावणारी पोरं बुकिंग फोनवरच घेतात. तुंगार्ली, वलवण, कुसगाव, कार्ला भागातले बंगले आठवड्याच्या शेवटी भाड्यानं जातात. मालक मुंबईला, सांभाळणारा इथं, आणि दोघांमधला सगळा व्यवहार कॉलवर. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरून काम करणारी बरीच कुटुंबं इकडं राहायला आली, त्यांची नोकरीच मीटिंगच्या आवाजावर टिकून आहे. तळेगाव-वडगावातल्या कितीतरी घरांतली मुलं परदेशात शिकतायत, त्यांच्याशी बोलायची वेळ ठरलेली असते. ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलणारा पेशंट आहे. मुलाखतीला बसलेली मुलगी आहे. तिचं उत्तर समोर पोचताना मधले चार शब्द गळाले, तर समोरचा ‘नेटवर्क खराब होतं’ असं लिहून ठेवत नाही. ‘उत्तर नीट देता आलं नाही’ असंच त्याच्या मनात राहतं.

डोंगर आहे म्हणून वाय-फाय आहे

इंटरनेटवरून बोलणं भारतात कायदेशीर झालं १ एप्रिल २००२ ला, तेही बंधनं घालून. तेव्हा सायबर कॅफेत हेडफोन लावून परदेशी बोलायचं, एवढीच त्याची मजल. २०१५ मध्ये व्हॉट्सअॅपवर आवाजी कॉल आले आणि गाडी घरोघरी पोचली. पण आपल्या भागासाठी खरा बदल झाला तो २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या सुरुवातीला, एअरटेल आणि जिओनं वाय-फाय कॉलिंग सुरू केलं तेव्हा. म्हणजे तुमचाच नेहमीचा नंबर, नेहमीचाच डायल पॅड, पण कॉल टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून जातो. त्याचे वेगळे पैसे नाहीत, समोरच्याकडं काही असायची गरज नाही. फोनच्या सेटिंगमध्ये एक बटण चालू करायचं.

पुण्यात-मुंबईत ही एक जादाची सोय आहे. मावळात तसं नाही. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ ही तिन्ही नावंच दऱ्याखोऱ्यांची आहेत. टॉवरची लहर डोंगराला वळसा घालत नाही. लोहगड-विसापूरच्या आडोशाला, तिकोना-तुंगच्या पायथ्याला, सावळीत आली की ती संपली. त्यात जुन्या बंगल्यांच्या जाड दगडी भिंती, वर पत्रा. अशा घरात मोबाईलची एक काडी असते नसते, आणि घरातला वाय-फायचा डबा हाच खरा टॉवर होतो. म्हणून त्या डब्यात कॉलचं काय होतं हे समजून घ्यायला हवं.

कॉलला स्पीड लागत नाही

आवाजी कॉलला किती डेटा लागतो? जुन्या टेलिफोन दर्जाचा आवाज ६४ केबीपीएसमध्ये बसतो. पाकिटांवरचे पत्ते-शिक्के धरले तरी ९० केबीपीएसच्या आतबाहेर. आताची अॅपं वापरतात ती पद्धत याहूनही कमीत भागवते. म्हणजे शंभर एमबीपीएसच्या लाईनवर नुसत्या हिशेबानं हजारेक कॉल एकाच वेळी चालायला पाहिजेत. घरात चालू असतो एक. तोही तुटतो.

कारण कॉलला जास्त डेटा नको असतो, त्याला वेळेवर डेटा हवा असतो. तुमचा आवाज साधारण वीस मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवला जातो, सेकंदाला पन्नास पाकिटं. प्रत्येक पाकीट ठरल्या वेळी पोचलं पाहिजे. सिनेमाचं पाकीट दोन सेकंद उशिरा आलं तर चालतं, टीव्हीनं पुढचा भाग आधीच साठवून ठेवलेला असतो. बोलण्यात पुढचा भाग साठवणार कसा? तो अजून कुणी बोललेलाच नसतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा जुना दंडक आहे की एका बाजूनं दुसऱ्या बाजूला आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तर बोलणाऱ्याला फारसं जाणवत नाही. त्यापुढं गेलं की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. आणि पाकिटं कधी लवकर, कधी उशिरा अशी हिसके देत आली, तर फोन उशिराची पाकिटं सरळ टाकून देतो. तोच तो ‘कट होणारा’ आवाज.

आता हा उशीर येतो कुठून? लोणावळेकरांना हे समजावायला बोरघाटाइतकं चांगलं उदाहरण नाही. एक्स्प्रेसवेच्या सहा लेन आणि जुन्या हायवेच्या चार लेन घाटात एकत्र येतात आणि दहा लेनची वाहनं सहा लेनमध्ये घुसतात. याच दुखण्यापायी मिसिंग लिंकचा घाट घालावा लागला. आता तिथं तुमची गाडी कितीही वेगानं पळणारी असो, काय फरक पडतो? रांग लागली की फेरारी आणि टेम्पो एकाच चालीनं. अॅम्ब्युलन्स असली तरी तीच गत, वेगळी वाट काढून दिली नाही तर.

घरातला राऊटर म्हणजे तो खंडाळ्याचा टप्पा. घराच्या आत वाय-फाय रुंद, कंपनीकडं जाणारी लाईन त्या मानानं अरुंद, आणि बहुतेक ठिकाणी वर जाणारी, म्हणजे अपलोडची बाजू आणखी अरुंद. चांगल्या फायबर प्लॅनमध्ये दोन्ही बाजू सारख्या मिळतात, पण सगळीकडं नाही. हवेतून येणाऱ्या ‘एअरफायबर’ प्रकारच्या जोडणीत अपलोड बरंच कमी असतं. जास्त माल आला की राऊटर तो फेकून देत नाही, पोटात रांगेत उभा करतो. या पोटाला बफर म्हणतात. डबा बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं हे पोट मोठं मोठं केलं, का तर काही हरवू नये. हेतू चांगला, पण परिणाम उलटा.

हिशेब करून बघा. अपलोड १० एमबीपीएस आहे आणि राऊटरच्या पोटात एक एमबी, म्हणजे आठ मेगाबिट माल साठलाय. तो निघायला लागणार पाऊण सेकंदाहून जास्त, ८०० मिलिसेकंद. त्या रांगेच्या शेपटाला तुमच्या आवाजाचं पाकीट येऊन उभं राहिलं. दंडक १५० चा, आणि घराच्या उंबऱ्यातच ८०० गेले! अमेरिकेतले अभियंते जिम गेटिस यांनी साधारण २०१० च्या सुमारास आपल्याच घरातल्या लाईनवर हा प्रकार पकडला आणि त्याला ‘बफरब्लोट’ म्हणजे फुगलेलं पोट असं नाव पडलं. म्हणजे हा रोग आपल्या केबलवाल्यानं आणलेला नाही, जगभरचा आहे.

रांग कोण लावतं?

संशयित म्हणून पहिलं नाव येतं ते टीव्हीचं. ‘बंद करा रे तो टीव्ही, मला बोलू द्या’ हे घरोघरी. पण टीव्ही बिचारा खाली येणारा डेटा घेतो, तोही थांबून थांबून. खरे गुन्हेगार वर जाणाऱ्या बाजूला बसलेले असतात, आणि ते दिसत नाहीत.

एक म्हणजे फोटोंचा आपोआप बॅकअप. धरा, बंगल्यावर आठ पाहुणे आलेत. दिवसभर टायगर पॉईंट, भुशी, कार्ला लेणी झाली. प्रत्येकानं दोनशे फोटो काढले. एक फोटो पाच एमबीचा धरला तर माणशी एक जीबी. संध्याकाळी सगळे परत आले, वाय-फायला जोडले, फोन चार्जिंगला लावले. फोनला हेच हवं असतं, वाय-फाय आणि चार्जिंग मिळालं की तो गुपचूप सगळं वर पाठवायला घेतो. दहा एमबीपीएस अपलोडवर एक जीबी जायला तेरा-चौदा मिनिटं, आठ जणांचं मिळून पावणेदोन तास. त्यात कुणी व्हिडिओ काढले असतील तर विचारूच नका. म्हणजे संध्याकाळी सात ते नऊ लाईन गच्च, आणि नेमकं तेव्हाच मालकाला पुढच्या शनिवारच्या बुकिंगचे फोन.

दुसरा, सीसीटीव्ही. लोणावळ्यात बंगला तिथं कॅमेरा. चांगल्या प्रतीचं चित्र सतत वर पाठवणारा एक कॅमेरा साधारण दोन ते चार एमबीपीएस खातो. असे चार लावले आणि सगळे ‘क्लाऊड’वर टाकले, तर दहा एमबीपीएसचं अपलोड चोवीस तास भरलेलं. मग तक्रार अशी येते की ‘आमच्याकडं तर रात्री कुणी नेट वापरत नाही, तरी कॉल तुटतो.’ कुणी वापरत नाही कसं? कॅमेरे जागे आहेत की.

तिसरा, पोरांचं रील टाकणं आणि लॅपटॉपचं ऑफिसच्या सर्व्हरवर फायली चढवणं. हे त्या मानानं सुटसुटीत, दहा-पाच मिनिटांत संपतं.

स्वतःच तपासा, मग केबलवाल्याशी भांडा

तपासणी सोपी आहे. नेहमीच्या स्पीड टेस्टमध्ये फक्त मोठ्ठा आकडा बघायचा नाही. त्याच्याखाली ‘पिंग’ किंवा ‘लेटन्सी’ म्हणून लहान आकडे असतात. फास्ट डॉट कॉमवर ‘अधिक माहिती’ उघडली की दोन आकडे दिसतात, लाईन मोकळी असतानाचा आणि भरलेली असतानाचा. उकलाच्या स्पीड टेस्टमध्येही डाऊनलोड आणि अपलोड चालू असतानाचा पिंग वेगवेगळा दाखवतात. मोकळ्या लाईनवर १५ आणि भरल्यावर ४० आला, तर तुमचा राऊटर शहाणा आहे, दुखणं दुसरीकडं शोधा. मोकळ्यावर १५ आणि अपलोडच्या वेळी ४००-६०० झाला, तर रांग तुमच्याच घरात लागलीय. दोनशेचा प्लॅन तीनशेचा करून ती जाणार नाही. पाहुण्यांचे फोन ती नवी जागाही भरून टाकतील, फक्त थोड्या कमी वेळात.

ही तपासणी एकदा राऊटरजवळ उभं राहून करा, एकदा जिथं बसून बोलता तिथं. जवळ चांगली आणि खोलीत वाईट आली, तर प्रश्न रांगेचा नाही, भिंतीचा आहे. त्याकडं येतोच.

रांगेवरचा उपाय काय? राऊटरनं शहाण्यासारखी रांग लावायची. मोठ्या मालाला थोडं थांबवायचं, छोट्या आणि घाईच्या पाकिटांना पुढं सोडायचं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ नावाची पद्धत मांडली, त्यातून पुढं ‘एफक्यू-कोडेल’ आणि ‘केक’ निघाल्या. काही राऊटरमध्ये ही सोय ‘एसक्यूएम’, ‘स्मार्ट क्यूओएस’ किंवा नुसती ‘क्यूओएस’ या नावानं असते. ओपनडब्ल्यूआरटी हे फुकटचं सॉफ्टवेअर चालणाऱ्या राऊटरवर ती घालता येते. चालू करताना एक गोष्ट लक्षात ठेवायची : तिथं जो वेग भरायचा, तो प्लॅनवर लिहिलेला नाही, तुम्ही मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्के भरायचा. म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न लागता तुमच्या शहाण्या राऊटरमध्ये लागते आणि त्याच्या ताब्यात राहते. थोडा स्पीड जातो, हे खरं. शंभरातले दहा सोडून कॉल सरळ होत असेल तर सौदा वाईट नाही, पण ‘मी शंभरचे पैसे भरतो’ म्हणणाऱ्यांना तो पटवणं अवघड जातं.

अडचण अशी, की कंपनीनं दिलेल्या डब्यात ही सोय बहुतेक नसते, किंवा असली तरी कुलूपबंद असते. मग दुसरा राऊटर मागं जोडावा लागतो. त्यासाठी कंपनीचा डबा ‘ब्रिज मोड’ला टाकून मागा, नाहीतर दोन राऊटर एकमेकांच्या पायात पाय घालतात.

दुसरा राऊटर घ्यायचा नसेल त्यांच्यासाठी फुकटचे उपाय, आणि खरं सांगायचं तर निम्म्या घरांचं काम यातच होतं. पाहुण्यांसाठी वेगळं ‘गेस्ट’ वाय-फाय करा आणि त्याला वेगाची मर्यादा घाला; ही सोय साध्या राऊटरमध्येही बऱ्याचदा असते. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग घरातल्याच डीव्हीआरवर ठेवा, वर फक्त हालचाल दिसली तेव्हाचं किंवा हलक्या दर्जाचं चित्र जाऊ द्या. घरच्या माणसांच्या फोनमधला फोटोंचा बॅकअप दिवसभर थांबवून रात्री झोपताना चालू करा.

हॉटेलवाल्यांसाठी एक आगाऊ सूचना. इंटरकॉम आता आयपी फोनवर गेलेत. रिंग वाजते पण आवाज एकाच बाजूनं येतो, अशी तक्रार असेल तर राऊटरमधलं ‘एसआयपी एएलजी’ नावाचं बटण बंद करून बघा. मदतीसाठी ठेवलेलं हे बटण मदतीपेक्षा घोटाळेच जास्त करतं.

भिंत, पत्रा आणि शेजाऱ्याचा राऊटर

आता वाय-फायचं. बंगल्यात लाईन घेताना केबलवाला जिथं भोक सोपं पडेल तिथं डबा लावून जातो. म्हणजे कुठं? गेटच्या बाजूच्या खोलीत, मीटरशेजारी, कधी जिन्याखालच्या कपाटात. आणि माणसं बोलतात वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत. मध्ये दोन दगडी भिंती आणि स्लॅब. पाच गिगाहर्ट्झची लहर स्वच्छ आणि वेगवान असते, पण भिंत तिला सोसत नाही. अडीच म्हणतात ती २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंत ओलांडते, पण त्या रस्त्यावर सगळ्या शेजाऱ्यांची गर्दी, वर ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह. भांगरवाडीसारख्या दाट वस्तीत फोनवर वाय-फायची यादी उघडली की नावं संपत नाहीत. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. राऊटर ‘ऑटो’वर असेल तर यातला जो कमी भरलाय तो हातानं निवडा.

पण सगळ्यात खात्रीचा उपाय जुनाच आहे, तार. राऊटरपासून बसायच्या खोलीपर्यंत नेटवर्कची केबल ओढा आणि तिथं दुसरा अॅक्सेस पॉईंट लावा. बाजारात मिळणारे स्वस्त ‘रिपीटर’ रेंजच्या काड्या वाढवतात, कॉल सुधारत नाहीत. तेच पाकीट ते हवेतून दोनदा उचलतात, म्हणजे गर्दी दुप्पट. काड्या पूर्ण दिसतात म्हणून घरमालक खूश, आणि आवाज आधीपेक्षा वाईट.

वाय-फाय कॉलिंगचं आणखी एक दुखणं मावळात हमखास भेटतं. बोलता बोलता माणूस अंगणात जातो. घरातलं वाय-फाय संपत आलेलं, बाहेरची मोबाईलची रेंज सुरू झालेली नाही. शहरात कॉल अलगद टॉवरवर उडी मारतो. इथं उडी मारायला पलीकडं काठच नाही, म्हणून कॉल पडतो. फोन खराब नसतो, कंपनीही नाही. अंगणाच्या बाजूला एक अॅक्सेस पॉईंट, किंवा घरात बसूनच बोलणं, यापलीकडं इलाज नाही. आणि वाय-फाय असूनही वाय-फाय कॉलिंगचं चिन्हच येत नसेल, तर राऊटरमध्ये ‘व्हीपीएन’ किंवा ‘आयपीसेक पासथ्रू’ बंद नाही ना ते पाहा. हा कॉल कंपनीपर्यंत कुलूपबंद बोगद्यातून जातो, राऊटरनं बोगदा अडवला की कॉल लागत नाही.

लाईट गेली की फोनही गेला

हा मुद्दा स्पीड आणि पिंगपेक्षा मोठा आहे, आणि त्यावर बोललं सगळ्यात कमी जातं. जुन्या तांब्याच्या तारेच्या टेलिफोनला घरच्या विजेची गरज नव्हती. एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून ४८ व्होल्टची वीज त्याच तारेतून घरापर्यंत यायची. लाईट गेली, वादळ झालं, तरी काळा फोन वाजायचा. फायबरमधून वीज येत नाही. काचेची तार आहे ती. घरात लाईट गेली की डबा बंद, डबा बंद की वाय-फाय कॉलिंग बंद, आणि मोबाईलची रेंज तर आधीच नव्हती. म्हणजे पावसाळ्यात झाड पडून लाईन तुटली, त्याच रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्रास सुरू झाला, तर ११२ ला फोन करायचा कुठून?

उपाय स्वस्त आहे. फायबरचा डबा आणि राऊटर मिळून साधारण दहा-पंधरा वॅट खातात, एका लहान बल्बएवढं. घरात इन्व्हर्टर असेल तर दोन्ही त्याच्यावर घ्या. वायरमन इन्व्हर्टरवर पंखे-दिवे घेतो, डबा राहून जातो. इन्व्हर्टर नसेल तर राऊटरसाठीचे छोटे बारा व्होल्टचे यूपीएस मिळतात, ते काही तास खेचतात. मात्र कंपनीचं पुढचं यंत्र, गल्लीच्या तोंडाशी किंवा केबलवाल्याच्या दुकानात जे आहे, त्याला बॅकअप आहे का? नसेल तर तुमचा डबा चालू राहूनही उपयोग नाही. नवीन जोडणी घेताना हा प्रश्न विचारा. वेगाचे आकडे सगळे सांगतात, याचं उत्तर फार थोडे देतात.

आणि ११२ लावताना पत्ता तोंडानं नीट सांगा. वाय-फायवरून गेलेल्या कॉलचं ठिकाण टॉवरवरून लागतं तसं लागेलच याचा भरवसा धरू नका.

घराबाहेरचा भाग

घरात सगळं ठीक करूनही कॉल तुटत असेल, तर मग कंपनीची पाळी. फायबर आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी खांबावरून लोंबत येते. फांदी पडली, टेम्पो अडकला, की तुटली. जमिनीखालून जाते तिथं जेसीबी. खोदण्याआधी कळवायचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप केंद्रानं मार्च २०२३ मध्ये आणलं, पण आपल्या तालुक्यातला किती ठेकेदार खोदण्याआधी ते उघडतो, हे वाचकांनीच आपल्या गल्लीवरून ठरवावं.

एअरफायबरवाल्यांचं वेगळं. ती जोडणी शेवटी टॉवरवरूनच येते आणि टॉवर सगळ्यांचा. सोमवारी जो टॉवर कार्ल्याच्या चार वाड्यांना पुरतो, त्यालाच रविवारी लेणी आणि एकवीरेच्या गर्दीचे फोन जोडले जातात. त्या दिवशी घरात कितीही शहाणा राऊटर लावला तरी वाटाच कमी आलेला असतो. फायबर दारापर्यंत येत असेल तर कॉलच्या दृष्टीनं फायबरच बरी.

उपग्रहाचं काय, असंही विचारलं जातं. स्टारलिंकला २०२५ च्या जूनमध्ये केंद्राचा परवाना मिळाला आणि नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांच्याशी इरादापत्र केलं. त्यांचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, जुन्या पद्धतीच्या छत्तीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांसारखा अर्ध्या सेकंदाचा उशीर त्यात नाही. आंदर मावळातल्या आतल्या वाडीला याचा उपयोग होऊ शकतो. पण उपग्रहावरून आलेलं नेटसुद्धा घरातल्या राऊटरमधूनच वाटलं जातं, आणि आठ पाहुण्यांचे फोटो तिथंही रांग लावतात.

नियम काय म्हणतात

ट्रायनं ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले, १ ऑक्टोबर २०२४ पासून ते लागू झाले. त्यात नुसता वेग नाही, उशीर, पाकिटांचं गळणं, हिसके हेही मोजायला लावलं. ही चांगली गोष्ट. पण दोन ठिकाणी नियम आपल्यासारख्या तालुक्याला अपुरे पडतात, असं आमचं मत.

पहिलं, भरपाई. मोबाईल सेवा जिल्हा पातळीवर २४ तासांहून जास्त बंद राहिली तर ग्राहकाला सूट किंवा मुदतवाढ द्यावी, अशी तरतूद आहे. पण पुणे जिल्हा म्हणजे जुन्नरपासून भोरपर्यंत, मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड. पवनेकाठची पाच गावं तीन दिवस बंद राहिली, तर जिल्ह्याच्या मोजपट्टीवर त्याचा ओरखडाही उठत नाही. मोजणी निदान तालुक्यावर, खरं तर ग्रामपंचायतीवर यायला हवी.

दुसरं, मोजणी थांबते कुठं? कंपनीच्या जाळ्यात. तुमच्या घरात त्याच कंपनीनं बसवलेल्या डब्याच्या पोटात जी रांग लागते, ती कुणाच्याच वहीत नाही. ग्राहक म्हणतो कंपनीचं नेट खराब, कंपनी म्हणते तुमचं वाय-फाय खराब, आणि डबा कंपनीचाच! अमेरिकेत कॉमकास्ट या मोठ्या केबल कंपनीनं जानेवारी २०२५ पासून कमी उशिराची नवी पद्धत ग्राहकांच्या जोडणीत टप्प्याटप्प्यानं द्यायला घेतली. रांगेची व्यवस्था ही कंपनीची जबाबदारी असू शकते, हे त्यातून दिसतं. आपल्याकडं कंपनीनं द्यायच्या प्रत्येक डब्यात शहाणी रांग सुरुवातीपासून चालू असावी, असा नियम करायला फार खर्च नाही. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि दहा-बारा वर्षं वापरून झालेलं आहे.

तोवर हातात आहे ते वापरा. मोबाईल कंपन्यांनी कुठं कोणती सेवा मिळते याचे नकाशे आपापल्या संकेतस्थळावर टाकायचे, असं ट्रायनं बंधन घातलंय. आपलं गाव त्या नकाशात रंगवलेलं आहे आणि प्रत्यक्षात रेंज नाही, तर नकाशाचा फोटो हाच तक्रारीचा पुरावा. तक्रार फोनवर करून थांबू नका, तक्रार क्रमांक घ्या. त्यावर समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं जाता येतं. ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहेच. आणि दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन-आयडियाच्या खटल्यात स्पष्ट केलंय. त्याआधी ‘तुम्हाला तिकडं जाताच येत नाही’ असं सांगून ग्राहकाला वाटेला लावलं जायचं.

तक्रारीसोबत स्पीडचा आकडा देऊ नका, तो कंपनीच्याच बाजूनं बोलतो. मोकळ्या लाईनचा पिंग, भरलेल्या लाईनचा पिंग, तारीख, वेळ, आणि ही तपासणी राऊटरला तार जोडून केली की वाय-फायवर, एवढं लिहा. चार शनिवारचे असे आकडे एका कागदावर असले की केबलवाल्याच्या माणसाला ‘स्पीड तर पूर्ण येतोय’ म्हणून निघता येत नाही, त्याला बसावं लागतं.